नवीन आलात आणि पाय गार पडतायत? आधी स्कर्टिंगखाली बघा

दर हिवाळ्यात या थंड देशात नवीन आलेल्या कुणाचा तरी फोन येतोच, हीटिंग फुल्ल आहे, बिल बघून धडकी भरते, पण सोफ्यावर बसलं की घोट्याला गार लागतं ते लागतंच. मी एवढंच विचारतो, घर जुनं आहे का आणि खाली लाकडी फळ्या आहेत का. बहुतेक वेळा दोन्हीला हो. आपल्याला सिमेंटवर बसवलेल्या घट्ट फरशीची सवय, जमिनीतून वारा येईल हे डोक्यातच येत नाही, मग सगळे खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत बसतात.

या जुन्या घरांत फळ्या जमिनीवर टेकलेल्या नसतात, वाशांवर ठोकलेल्या असतात आणि खाली पोकळी असते. फळ्या आणि भिंत यांच्यामध्ये फट असते, भिंतीच्या तळाशी ठोकलेली पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, ती फट झाकतं पण बंद करत नाही. हिवाळ्यात घरातली हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं, फट अजून वाढते. आणि गरम हवा वर, छतातून माळ्यावर जायचं जे झाकण असतं त्याच्या कडेने निसटत असते, तिची जागा घ्यायला खालून गार हवा ओढली जाते. म्हणजे हीटिंग जितकं चढवाल तितकी ही ओढही वाढते, आणि आपली मंडळी नेमकं तेच करतात, बटण फिरवतात आणि देशाला नावं ठेवतात. माळ्याच्या झाकणाला कडेने फोमची पट्टी लावा, खालचा वारा तेवढ्यानेही थोडा कमी होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घराबाहेर जाऊन बघा, भिंतीत जमिनीलगत जाळीच्या विटा किंवा छोट्या जाळ्या दिसतील. त्या बंद करायच्या नाहीत. कितीही थंडी असो, नाही म्हणजे नाही! आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने ग्रुपवरच्या कुणाचं तरी ऐकून त्यात चिंध्या कोंबून वर सिमेंट लावलं. पहिला हिवाळा मस्त गेला, सगळ्यांना अभिमानाने दाखवत होते. खालची ओल बाहेर पडायला वाटच नव्हती, काही वर्षांनी एका कोपऱ्यात फळी पायाखाली दबायला लागली, उचलून बघितली तर खालच्या वाशात स्क्रूड्रायव्हर सहज आत जात होता. अख्ख्या खोलीचे वासे बदलावे लागले, त्या खर्चात कितीतरी हिवाळे हीटिंग चाललं असतं. वारा थांबवायचा तो खोलीच्या बाजूने, पोकळीला श्वास घेऊ द्यायचा. बाहेर माती किंवा पाला साठून जाळी बुजली असेल तर उलट साफ करा.

फट शोधायला वाऱ्याचा दिवस निवडा आणि पेटलेली उदबत्ती स्कर्टिंगच्या कडेने हळूहळू फिरवा, धूर जिथे खोलीच्या आत ढकलला जातो तिथे पेन्सिलने खूण करा. कार्पेट असेल तर उदबत्तीचीही गरज नाही, भिंतीलगत काळपट रेघ दिसते बघा, ती वाऱ्याबरोबर आलेली धूळ, कार्पेटच्या कडेत गाळली जाऊन तिथेच बसलेली. भाडेकरू त्या रेघेसाठी उगाच शाम्पू घासत बसतात.

भरायचं काय? ताणलं जाईल असं काहीतरी. बारीक फटीत गनने अॅक्रिलिक सीलंट, त्यावर रंग बसतो, साध्या सिलिकॉनवर बसत नाही. आधी व्हॅक्यूम मारा, धुळीवर सीलंट धरत नाही. फट सहाएक मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर फटीपेक्षा जरा जाड अशी फोमची गोल दोरी मिळते, ती बोथट सुरीने आत दाबायची आणि वरून सीलंटचा पातळ थर. नुसतं सीलंट ओतत राहिलात तर ते खाली पडतं आणि ट्यूबवर ट्यूब संपते. लाकडाचा कडक फिलर कडेला नको, उन्हाळ्यात लाकूड फुगतं की तो तडकून निघतो. फुगणारा स्प्रे फोम तर माझा शत्रूच आहे, फवारायला मजा वाटते पण हलकं स्कर्टिंग पुढे ढकलतो, आणि बोटांना आणि फळ्यांना लागला की खरवडून काढत बसा.

फ्लोअर लॅमिनेट असेल, म्हणजे एकमेकांत अडकवून नुसत्या वर पसरलेल्या तयार फळ्या, तर त्यांना फुगायला कडेची फट मुद्दाम सोडलेली असते, साधारण आठ ते बारा मिलिमीटर. ती गच्च भरलीत तर फ्लोअर मधेच उचललं जातं. तिथे वरून पट्टी मारा, पण खिळे स्कर्टिंगमध्ये, फ्लोअरमध्ये नाही.

भाड्याचं घर असेल तर आधी मालकाला ईमेल करा, फोनवरचं "हो हो करा" डिपॉझिट परत घेताना कुणालाच आठवत नाही. परवानगी नाही मिळाली तर जाड रग, तो मात्र भिंतीपर्यंत पोचणारा, खोलीच्या मधोमध घातलेल्या रगने कडेचा वारा थांबत नाही.

खोलीत गॅसची किंवा लाकडाची शेगडी असेल तर भिंतीतला तिचा हवेचा झरोका अजिबात बुजवू नका, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजच आणा, उद्या नाही.

आणि हो, रेडिएटरचे पाइप फळीतून जिथे खाली जातात ती भोकं सगळे विसरतात. पाइपपेक्षा चांगलीच मोठी असतात, गुडघे टेकून हात लावून बघा. सगळ्या कडा बंद करून ती उघडी ठेवलीत तर वारा तिथूनच येणार.