धान्यातले कीटकनाशकाचे अंश लॅबमध्ये कसे तपासायचे

सगळ्यात आधी सॅम्पल. पोत्याच्या तोंडातलं मूठभर धान्य उचलून चालत नाही, वेगवेगळ्या पोत्यांतून, वर-मध्ये-खाली असं परखीने (पोत्यात खुपसून धान्य काढायची टोकदार नळी) काढायचं, एकत्र करायचं आणि मग त्यातलं थोडं लॅबला. इथे गंडलं की पुढचं महागडं मशीनपण काही वाचवत नाही.

धान्य बारीक दळा, पण ग्राइंडर तापू देऊ नका, उडून जाणारी औषधं तिथेच कमी होतात, म्हणून बरेच जण ड्राय आइस टाकून दळतात.

आता क्वेचर्स (QuEChERS) पद्धत, म्हणजे पिठातलं औषध द्रावकात उतरवून तो अर्क साफ करायचा. 50 मिलीच्या ट्यूबमध्ये 5 ग्रॅम पीठ घ्या, 10 मिली पाणी घालून भिजू द्या. ही स्टेप लोक घाईत उरकतात आणि मग रिकव्हरी (मुद्दाम घातलेल्या औषधापैकी किती टक्के परत मिळालं ते) येत नाही म्हणून ओरडतात, कोरड्या पिठातून औषध नीट सुटतच नाही हो! मग 10 मिली अॅसिटोनायट्राइल (औषध ओढून घेणारा द्रावक) घालून जोरात हलवा. त्यानंतर मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ घालून लगेच हलवा, नाहीतर खाली दगडासारखा गोळा बसतो, ट्यूब गरम लागेल ते नॉर्मल आहे. सेंट्रिफ्यूज करून वरचा थर काढा, पीएसए आणि सी18 (नको ते घटक शोषून घेणाऱ्या पावडरी) ने साफ करा, मका-ओट्समध्ये फॅट जास्त म्हणून सी18 सोडू नका.

मग अर्कातली औषधं ओळखून मोजणारी मशीन्स, एलसी-एमएस/एमएस आणि जीसी-एमएस/एमएस, दोन्ही लागतात. कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या प्रमाणांवरून मशीनचं माप बसवणं) त्याच धान्याच्या ब्लँक, म्हणजे औषध नसलेल्या, अर्कात करा, रिकव्हरी साधारण 70 ते 120 टक्के हवी.

ग्लायफोसेट हे तणनाशक मात्र यात सापडत नाही, त्याची टेस्ट वेगळी सांगावी लागते.