क्लिपलेस पेडल घेताय? आधी पाय चालवायला शिका

पावसाळ्यात नाशिकहून त्र्यंबक रोडला निघालं की पश्चिमेचा वारा थेट छातीवर येतो. नवखा गडी मोठ्या गिअरवर दात-ओठ खात पेडल दाबतो आणि अंजनेरी येईपर्यंत गुडघे बोलायला लागतात. मग त्याला वाटतं, क्लिपलेस पेडल (ज्यात बूट अडकून बसतो ते) घेतले की सुटलो. घ्या जरूर, पण आधी सीट बघा.

भिंतीला धरून बसा, टाच पेडलवर ठेवून ते तळाला न्या. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. चालवताना टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्याला हवा तेवढा बाक येतो. कंबर डावी-उजवी डोलत असेल तर सीट उंच झालीय.

मग लय. अर्ध्या मिनिटात उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा आणि दुप्पट करा. सपाटीवर 80-90 फेरे चांगले. 60 च भरत असतील तर गिअर हलका करा. सुरुवातीला सीटवर आदळायला होईल, चालतं.

पाय वर ओढायची हौस मात्र सोडा. जोर मिळतो तो खाली दाबतानाच. वर येणारा पाय नुसता हलका ठेवा, म्हणजे दुसऱ्या पायावर त्याचं ओझं पडत नाही. क्लिपलेसचा खरा फायदा वेगळाच आहे: पावसात, खड्ड्यात, जोरात मारताना पाय जागचा हलत नाही.

नाव तसं फसवंच. पूर्वी पायाचा पुढचा भाग पट्ट्याने पेडलला बांधणारी टो-क्लिप असायची, ती गेली म्हणून क्लिपलेस. लूक कंपनीने स्कीच्या बाइंडिंगवरून (बर्फावरच्या स्कीला बूट अडकवायची कळ) 1984 मध्ये हे पेडल आणलं आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड इनो ते वापरून टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकला.

वाटेत मिसळीला उतरणार असाल तर एसपीडी जातीचे पेडल घ्या, त्यांची क्लीट (बुटाच्या तळाला लावायचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) दोन बोल्टची असते. तीन बोल्टवाल्यात बदकासारखं चालावं लागतं. क्लीट चवड्याच्या हाडाखाली किंवा किंचित मागे लावा, बोल्ट घट्ट आवळा. पेडलची स्प्रिंग अ‍ॅलन कीने सगळ्यात ढिली ठेवा. भिंतीला धरून दोन्ही पाय पन्नास-पन्नास वेळा अडकवा, सोडवा. सोडवताना पाय उचलायचा नाही, टाच बाहेर वळवायची.

सिग्नल दिसला की थांबण्याआधीच डावा पाय सोडवा आणि सायकल डावीकडेच कलती ठेवा. मी गंगापूर रोडला डावा सोडवला आणि कललो उजवीकडे. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "अरे, पाय टेकवायचा ना!" मावशी, तोच तर अडकला होता.