उठताना येणारी चक्कर: घरच्या घरी रक्तदाब कसा मोजावा

अंथरुणातून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर केवळ बसून मोजलेल्या रक्तदाबावरून कारण कळत नाही. उभे राहताच सुमारे अर्धा ते एक लिटर रक्त पाय व पोटाकडे उतरते आणि चेतासंस्था हृदयाची गती वाढवून व रक्तवाहिन्या आवळून ही घट काही सेकंदांत भरून काढते. मुंबईतल्या मे किंवा ऑक्टोबरच्या घामाने शरीरातले पाणी कमी झाले असेल, रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या सुरू असतील, अथवा मधुमेहाने चेतातंतू दुबळे झाले असतील, तर ही भरपाई अपुरी पडते. (कूस बदलताना खोली गरगरत असेल, तर ते बहुधा कानाचे दुखणे असते, त्याला ही पद्धत उपयोगाची नाही.)

पाच मिनिटे आडवे पडून रक्तदाब मोजावा, मग उभे राहून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. सोबतीला माणूस हवाच.

खरी अडचण उभ्या मोजमापात येते. आईचा रक्तदाब मी आठवडाभर मोजत होते. आकडे चांगले येत आणि ती मात्र मोरीकडे जाताना भिंत धरत असे. चूक तिच्या लोंबत्या हाताची होती. दंडावरचा पट्टा हृदयाच्या पातळीखाली गेला, की दर दहा सेंटिमीटरला आकडा सात-आठने वाढतो आणि नेमकी तीच वाढ खरी घट झाकून टाकते. म्हणून पट्टा छातीच्या मध्यावर येईल असा हात दुसऱ्याने तोलून धरावा किंवा उंच कपाटावर टेकवावा. स्वतःच्या जोरावर उचलून धरल्यास स्नायूंच्या ताणाने आकडा पुन्हा चढतो. मध्येच गरगरू लागले, तर तीन मिनिटांचा हट्ट न धरता ताबडतोब आडवे व्हावे आणि तेवढीच नोंद करावी. एकदा आकडे ठीक आले म्हणून थांबू नये; पहाटे आणि जेवणानंतरही मोजावे.

वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर नोंदींचा कागद आणि सगळ्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे जावे. "बीपी लो आहे, मीठ चाटा" हा शेजाऱ्यांचा सल्ला हृदयरोग्याला घातक ठरू शकतो, आणि गोळी मनाने बंद करणेही तितकेच चुकीचे. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखले, तर मोजत न बसता रुग्णालय गाठावे. आईची लघवीची गोळी डॉक्टरांनी तो कागद पाहूनच निम्मी केली.