जुन्या टोपोशीटवरून गावाचा इतिहास कसा शोधायचा (उजनीत गेलेल्या गावांचं उदाहरण घेऊन)

"आमचं जुनं गाव कुठं होतं?" असं इंदापूर-करमाळ्याकडं कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर ते पाण्याकडं हात करतात, "त्ये तिकडं." आणि आपल्याला दिसतं नुसतं पाणी. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, त्याच्या आधीचा नकाशा हातात असेल तर त्या "तिकडं"ला बऱ्यापैकी नेमकी जागा देता येते. गाव बुडालेलं नसलं तरी पद्धत हीच आहे.

टोपोशीट म्हणजे सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी नकाशा खात्याचा डोंगर, नद्या, गावं, वाटा दाखवणारा नकाशा. पहिलं काम त्या शीटचा नंबर काढायचा. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी पद्धत एकदा कळली की सोपी आहे. ४७ नंबरचा मोठा चौकोन म्हणजे अक्षांश १६ ते २०, रेखांश ७२ ते ७६, त्याचे ए ते पी असे १६ भाग, प्रत्येक एक अंशाचा, आणि त्या प्रत्येकाचे परत १ ते १६. अक्षरं आणि आकडे दोन्ही वरून खाली उतरतात, मग उजवीकडच्या रांगेत वरून परत सुरू, इथं बहुतेकजण चुकतात (मी पण चुकलोय, आडवं मोजत बसलो आणि भलत्याच तालुक्याची शीट उघडली). मोबाइलवर गावाचे अक्षांश-रेखांश बघा आणि कागदावर चौकोन आखून मोजा. पुणे शहर ४७ एफ/१४ मध्ये येतं, त्यावरून आपलं मोजणं बरोबर आहे का ते तपासा.

मग नकाशे मिळवायचे. टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीच्या साइटवर अमेरिकन लष्कराची यू५०२ मालिका फुकट आहे, १९५० च्या दशकापासूनची, म्हणजे उजनीच्या आधीची. स्केल १:२,५०,०००, एका सेंटिमीटरला अडीच किलोमीटर, त्यामुळं गाव म्हणजे एक ठिपका आणि नाव, पण नदीची जुनी वळणं आणि रेल्वे दिसते. खरी मजा एक इंचाला एक मैल असलेल्या जुन्या शीटमध्ये. त्या कॉलेजांच्या भूगोल विभागात, जुन्या लायब्ररीत विचारून बघा. आजचे १:५०,००० चे नकाशे सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर नोंदणी करून मिळतात, तुलनेला ते लागतातच, फक्त तिथं नंबरची पद्धत वेगळी आहे.

नकाशा उघडला की आधी गाव शोधू नका, आधी खालची बारीक अक्षरं वाचा. छापल्याचं साल आणि मोजणी केल्याचं साल वेगवेगळं असतं, आणि आपल्या कामाचं मोजणीचं. नावांची स्पेलिंग इंग्रजांच्या कानाला ऐकू आली तशी, म्हणून आपल्या गावासारखा उच्चार होतोय का ते मोठ्यानं वाचून बघा. बुद्रुक आणि खुर्द तर फारच जपून, नाहीतर महिनाभर शेजारच्या गावाचा इतिहास लिहीत बसाल.

आता जुना नकाशा आजच्यावर बसवायचा. गुगल अर्थमध्ये इमेज ओव्हरले टाकून पारदर्शकपणा कमीजास्त करता येतो, नेमकं हवं असेल तर क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधलं जिओरेफरन्सर (जुना नकाशा खऱ्या जागेवर बसवायचं साधन) वापरा. जुन्या नकाशांचं पृथ्वीच्या आकाराचं गणितच वेगळं, त्यामुळं कोपऱ्याचे आकडे टाकून भागत नाही, थोडं सरकतंच. न हललेल्या खुणा पकडा, डोंगरावरचा त्रिकोण (मोजणीची खूण), जुनं देऊळ, पूल. उजनीच्या बाबतीत पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ फार उपयोगी, पाणी खाली गेलं की ते वर येतं, म्हणून गुगल अर्थमध्ये मागच्या तारखांचे फोटो लावून कडक उन्हाळ्याचा फोटो शोधा. डिकसळचा जुना पूल पण तसाच, तो मुळात रेल्वेचा, धरणामुळं लाइन दुसरीकडनं गेली.

एवढं झालं की बारकावे. पिवळं म्हणजे लागवडीची जमीन, हिरवं जंगल, ओढा काळ्या रेघेचा असेल तर कोरडा, विहिरी निळ्या गोलात. गाडीवाटा आणि पायवाटा मात्र एक एक करून बघा, कारण गावाचं कुणाशी येणंजाणं होतं, बाजार कुठला, हे त्याच सांगतात. आज डांबरी रस्ता तिसरीकडूनच जातो आणि जुनी वाट पाणंद होऊन पडलेली असते. कुठं ओसाड गाव असं लिहिलेलं सापडलं तर तिथल्या लोकांना "पांढर कुठंय" असं विचारा, जुन्या वस्तीच्या जागेला तोच शब्द आहे.

नकाशात माणसं नसतात, त्यासाठी कागद लागतात. पुणे जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक, ऑनलाइन आहे. भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशा, आकारबंद (जमिनीचं क्षेत्र आणि आकार यांची नोंद), फाळणी (सर्व्हे नंबरच्या पोटहिश्शांचा नकाशा) बघायला मागा. गावाचं एकत्रीकरण झालं असेल, म्हणजे विखुरलेले तुकडे जोडून गट पाडले असतील, तर जुना सर्व्हे नंबर आणि आताचा गट नंबर जुळत नाही, दोन्हीचा मेळ घालणारा कागद आधी मागा. सर्व्हे नंबर पाडून जमीन मोजायची जी पद्धत पुढं मुंबई इलाखाभर गेली ती गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमाराला इंदापूर तालुक्यातच सुरू केली, म्हणजे तिकडच्या लोकांना कागदाचा धागा लांबवर मागं नेता येतो.

शेवटी नकाशाची मोठी प्रिंट काढून पुनर्वसन झालेल्या गावठाणात जा. "इतिहास सांगा" म्हणलं तर आजोबा गप्प बसतात, पण "ही विहीर कुणाची, ही वाट कुठं जायची" म्हणलं की बोट नकाशावर फिरायला लागतं, आणि शेजारचे दोघं "तसं नव्हतं ते" म्हणत जवळ सरकतात. जे सांगतील ते तिथंच पेन्सिलनं लिहा, कोण म्हणलं ते पण. प्रिंट दोन न्या, एक ते ठेवून घेतात.