कपाशीच्या फवारणीचे दोन महिने: शेतकरी आणि मजूर कुटुंबांसाठी सल्ला

पोळा झाला की कपाशी छातीपर्यंत येते. रान ओलं असतं, वारा पडलेला असतो आणि उन्हाची तिरीप वाढत असते. विदर्भात फवारणीचा खरा धोका याच ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या काळात असतो. 2017 साली याच दिवसांत यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, दोन-तीन औषधं एकत्र मिसळली जात होती आणि जास्त फवारा मारणारे पंप आले होते. ही तिन्ही कारणं आजही शेतात आहेत.

पहिली गोष्ट समजून घ्यावी. फवारणीतलं बहुतेक विष नाकाने नाही, कातडीतून शरीरात जातं. म्हणून तोंडाला रुमाल बांधून उघड्या पायांनी, ओल्या सदऱ्याने फवारणारा माणूस सुरक्षित नसतो. रुमाल तर औषध शोषून घेतो आणि दिवसभर नाकाशी धरून ठेवतो. हाताच्या तुलनेत जांघेची कातडी कितीतरी पट जास्त विष शोषते. पाठीवरचा पंप गळला की औषध कंबरेवरून नेमकं तिकडेच ओघळतं. गळका पंप म्हणूनच गंभीर बाब आहे.

फवारणीच्या आदल्या संध्याकाळी पंपात नुसतं साधं पाणी भरून दाब द्यावा. झाकणाचं रबर, नळीचा सांधा, ट्रिगर आणि टाकीचा बुड, चार ठिकाणी हात फिरवून ओल लागते का पाहावं. वॉशर दहा-वीस रुपयांना मिळतं. सुतळी गुंडाळून गळती थांबत नाही. नोझल तुंबलं तर आधी दाब सोडावा, मग जुन्या टूथब्रशने किंवा गवताच्या काडीने साफ करावं. तोंडाने फुंकणं म्हणजे औषध थेट ओठाला लावणं. एक जादा नोझल खिशात असलं की हा मोहच होत नाही.

दुकानात

औषध कोणतं घ्यायचं हे बऱ्याचदा पीक ठरवत नाही, उधारी ठरवते. ज्याच्याकडे खातं आहे तो देईल ते उचलायचं, आणि सोबत एक टॉनिक, एक बुरशीनाशक. बियाण्या-खताची उधारी टाळता येत नसेल तरी फवारणीच्या औषधापुरते पैसे वेगळे ठेवता आले तर निवड आपल्या हातात राहते. दुकानात जाण्यापूर्वी पानाचा आणि बोंडाचा फोटो कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला दाखवावा. पक्कं बिल घ्यावं, त्यावर बॅच नंबर असावा. पुढे तक्रार किंवा मदतीचा प्रश्न आला तर तोच पुरावा.

फवारणीची गरज आहे का, हे शेतात मोजूनच ठरवावं. तुडतुडे पानामागे सरासरी 2, फुलकिडे 10, पांढरी माशी 8 ते 10 अशी संख्या ओलांडली तरच रसशोषक किडींसाठी फवारावं. शेताच्या वेगवेगळ्या भागांतली वीस झाडं घेऊन प्रत्येकाची वरची, मधली आणि खालची अशी तीन पानं मोजली की अंदाज येतो. गुलाबी बोंडअळीसाठी एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावावेत. सापळ्यात सलग तीन दिवस रोज 8 किंवा जास्त पतंग आले, किंवा शंभरात दहा फुलं-बोंडं किडकी निघाली, तरच रासायनिक फवारणी. त्याआधी 5 टक्के निंबोळी अर्क बऱ्याचदा पुरतो. टाळलेल्या एका फवारणीत औषध, मजुरी आणि धोका, तिन्ही वाचतात.

डब्यावरचा त्रिकोण पाहावा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि सर्वांत कमी हिरवा. निळ्या किंवा हिरव्या त्रिकोणाचं औषध काम करत असेल तर लाल घेण्यात शहाणपण नाही. दोन कीटकनाशकं आपल्या मनाने एकत्र करू नयेत. एकाच गटाची दोन औषधं मिसळली तर किडीवर दुप्पट परिणाम होत नाही, माणसावर मात्र होतो. शिवाय विषबाधा झाली तर नेमकं काय शरीरात गेलं हे डॉक्टरला कळत नाही.

मात्रा काढण्यात सर्वांत जास्त घोळ होतो. लेबलवर एकरी 60 ग्रॅम लिहिलं असेल आणि एकरी 200 लिटर पाणी लागत असेल, तर 15 लिटरच्या पंपाला साडेचार ग्रॅम पडतं. पेट्रोलच्या पंपाला एकरी पाणी कमी लागतं, म्हणून त्यात प्रति पंप औषध जास्त टाकतात. तोच आकडा बॅटरी पंपाला लावला की द्रावण तिप्पट कडक होतं. पंप बदलला की हिशोब बदलतो, हे मजुराला स्पष्ट सांगावं आणि एका पंपाचं माप खडूने टाकीवर लिहावं. बाटलीचं झाकण हे माप नाही.

फवारणीच्या दिवशी

सर्वांत धोक्याचं काम फवारणीचं नाही, औषध कालवण्याचं. तिथे हातात पाण्यात न मिसळलेलं विष असतं. नायट्रिलचे हातमोजे घालावेत. कापडी किंवा चामड्याचे मोजे औषध धरून ठेवतात. बादलीत अर्धं पाणी, मग मोजलेलं औषध, मग काठीने ढवळून पंपात. हे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, विहिरीपासून आणि मुलांपासून लांब करावं. पाणी आणून देणारी बाई बादलीजवळ उभी राहू नये. घरातली गर्भवती किंवा अंगावर पाजणारी आई या कामाला अजिबात नको.

अंगात पूर्ण बाहीचा सुती सदरा, पूर्ण पँट, वर प्लॅस्टिकचा एप्रन, आणि पाठीवर पंपाखाली प्लॅस्टिकचा तुकडा. पँट बुटाच्या बाहेर ठेवावी, आत खोचू नये, नाहीतर ओघळ बुटात जाऊन साचतो. उंच कपाशीत हात वर करून फवारावं लागतं, म्हणून मोज्याची कड बाहीवर घेऊन बाहेर दुमडावी, म्हणजे औषध काखेकडे वाहत नाही. कोळशाच्या फिल्टरचा मास्क आणि चष्मा लागतोच. पण संपूर्ण प्लॅस्टिकचा सूट ऑक्टोबरच्या उन्हात घालणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. त्यावर उपाय वेळेचा: सकाळी लवकर सुरू करून दहाच्या आत थांबावं, राहिलेलं दुपारी चारनंतर.

वारा कुठून येतो ते पाहून वाऱ्याच्या खालच्या कडेपासून सुरुवात करावी आणि ओळीओळीने वारा जिकडून येतो तिकडे सरकत जावं, चालताना वारा बाजूने लागेल असं. फवारलेल्या ओल्या पानांतून पुढे जावं लागू नये, हा त्यातला मुद्दा. कपाशी गळ्याच्या वर असेल आणि फांद्या एकमेकींत गुंतल्या असतील तर पाठपंपाने फवारणी करूच नये.

मजुरी पंपामागे ठरवली की माणूस घाई करतो, जेवायला थांबत नाही, ऊन चढलं तरी दोन पंप अजून मारतो. मालकाने फवारणीपुरती रोजाची मजुरी द्यावी आणि काम दिवसाला चार-पाच तासांचंच ठेवावं. हातमोजे, मास्क, साबण आणि दोन कळशा स्वच्छ पाणी बांधावर आहे का, हे बघणं मालकाचं काम आहे. एकाच माणसाने रोज रोज फवारू नये. शरीरातलं विष उतरायला वेळ लागतो आणि लागोपाठच्या फवारणीत थोडंथोडं साचत जातं. खर्रा, तंबाखू, बिडी फवारणी संपून हात साबणाने धुतल्याशिवाय नाही. हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो.

संपल्यावर लगेच साबणाने आंघोळ, केस आणि नखांसह. ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत. वेगळ्या बादलीत भिजवून, हातमोजे घालून धुवावेत आणि उन्हात वाळवावेत. नाहीतर शेतात न गेलेल्या बाईलाही डोकेदुखी आणि मळमळ होते. फवारलेल्या शेतात लेबलवर लिहिलेला काळ, आणि काही लिहिलेलं नसेल तर किमान एक दिवस निंदणाला कोणाला पाठवू नये. धुऱ्यावरचं गवत जनावरांना कापू नये. रिकामे डबे तीनदा खळखळून ते पाणी पंपातच ओतावं, मग डब्याला भोक पाडावं. पाण्यासाठी किंवा तेलासाठी ते वापरू नयेत.

विषबाधा झाली तर

डोळ्यांपुढे धूसर, बाहुल्या बारीक, लाळ, खूप घाम, मळमळ, पोटात मुरडा, मांसपेशी थरथरणं, छाती आवळल्यासारखी. यातली दोन लक्षणं जरी दिसली तरी घरी पडून राहू नये. माणसाला शेताबाहेर आणून कपडे काढावेत, साबण-पाण्याने अंग धुवावं, आणि डोळ्यांत गेलं असेल तर डोळे नुसत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवावेत. बेशुद्ध असेल तर कुशीवर झोपवावं. मदत करणाऱ्यानेही हातमोजे घालावेत. दूध, तूप, मिठाचं पाणी देऊ नये. उलटी करवू नये. 108 ला फोन करावा आणि औषधाचा डबा किंवा लेबलचा फोटो सोबत न्यावा. कोणतं औषध आहे यावर उतारा ठरतो: सेंद्रिय फॉस्फरस गटावर अ‍ॅट्रोपिन लागतं, सगळ्यांवर नाही. बरं वाटलं म्हणून लगेच सुटी मागू नये. या गटात एक ते चार दिवसांनी मान आणि श्वासाचे स्नायू ढिले पडण्याचा धोका असतो.

पोलिसांची कटकट नको म्हणून खासगी दवाखान्यात नोंद न करता सलाईन लावून आणलं, तर पुढे मदतीच्या अर्जाला काहीच पुरावा उरत नाही. एमएलसी नोंद (दवाखान्याने पोलिसांना कळवल्याची नोंद) आणि केसपेपर मागून घ्यावेत.

कागद

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यू, किंवा दोन्ही डोळे वा दोन अवयव गेल्यास 2 लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास 1 लाख रुपये मिळतात. फवारणीची विषबाधा, सर्पदंश, वीज पडणं, विजेचा धक्का, विहिरीत बुडणं हे त्यात येतं. दारूच्या नशेत झालेला अपघात येत नाही. वय 10 ते 75. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य पात्र असतो. अर्ज 30 दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा. सोबत सातबारा, मृत्यूचा दाखला, वारसाची 6-क नोंद (तलाठ्याकडची वारस नोंद), वयाचा पुरावा आणि पोलिसांचा पंचनामा.

बऱ्याच घरांत सातबारा अजून आजोबांच्या नावावर असतो. वारस नोंद हंगामाआधीच करून घ्यावी, दुःखाच्या महिन्यात तलाठ्याकडे फेऱ्या मारणं जड जातं. पत्नीचं नाव लक्ष्मी मुक्ती योजनेतून लावलं तर ती स्वतः खातेदार होते.

पण मुंडे योजना ज्याच्या हातात पंप असतो त्यालाच बहुधा लागू होत नाही. भूमिहीन मजूर आणि बटईदार तिच्या बाहेर आहेत. त्यांच्यासाठी बँकेतली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे: वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70, अपघाती मृत्यूला 2 लाख. विमा 1 जून ते 31 मे चालतो. मे महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे नसले तर तो बंद पडतो, पण पुन्हा 20 रुपये भरून मध्येच सुरू करता येतो. ज्याच्याकडून फवारून घेता त्याचं पासबुक पहिल्या पंपाच्या आधी एकदा पाहावं, आणि नॉमिनीचं नाव आहे ना तेही.

औषध घरात झोपायच्या खोलीत, धान्याजवळ किंवा पाण्याच्या बाटलीत ठेवू नये. कुलूप असलेल्या पत्र्याच्या पेटीत, घराबाहेर. कर्जाच्या ओझ्याने घरातलं कोणी गप्प झालं असेल, जेवण-झोप सोडली असेल, तर पेटीची किल्ली दुसऱ्याकडे ठेवावी आणि लागेल तेवढंच औषध आणावं. अशा वेळी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. फोन फुकट आहे आणि घरच्यांनी केला तरी चालतो.