रोजच्या वापराचं घड्याळ: घ्यायला निघण्याआधीची तयारी

घड्याळ घ्यायचं ठरलं की लगेच दुकानात जाऊ नका, आधी घड्याळजीकडे जा. यादीतली ही पहिली नोंद मी मुद्दाम वर ठेवली आहे. कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेत काचेचं टेबल मांडून, एका डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस सापडतोच. आमच्या चिपळुणातही आहे. गर्दी नसेल तेव्हा त्याला तीन गोष्टी विचारायच्या. कोणत्या घड्याळांचे सेल, पिना आणि पट्टे तुमच्याकडे कायम असतात? कोणत्या घड्याळांचं मागचं झाकण उघडून परत नीट बसतं? आणि कोणती घड्याळं आली की तुम्ही हात लावत नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं असतं.

दोन हजारांच्या आसपासचं घड्याळ दहा वर्षं वापरायचं म्हटलं तर त्या काळात सेल तीन-चारदा बदलावा लागतो, पट्टा दोन-तीनदा, काच कदाचित एकदा. ही कामं आपल्या गावात होत असतील तर घड्याळ टिकतं. नाहीतर कागदावर कितीही दणकट असलं तरी ते एक दिवस कपाटात जातं. माझं एक असंच गेलं. दिसायला फार देखणं होतं, पट्टा घड्याळाच्या अंगातूनच निघाल्यासारखा. दीड वर्षात तो बकलाजवळ तडकला. तसा पट्टा चिपळुणात मिळाला नाही, रत्नागिरीत मिळाला नाही, साधा पट्टा त्या खाचेत बसेना. मशीन ठणठणीत होतं, पण बांधायचं कशाने? कपाटात पडल्यापडल्या वर्षभराने आतला सेल पाझरला आणि मशीनही गेलं. तेव्हापासून मी घड्याळाआधी त्याचा पट्टा बघते.

दुसरी तयारी घरी बसून करायची. हात दिवसभर कुठेकुठे जातो ते कागदावर लिहा. भांडी, मोटारसायकल, खडू, शेतातलं पाणी, लेथ, काउंटर, जे असेल ते. भाचीला मिरजेत नर्सिंगची नोकरी लागली तेव्हा मी तिला विचारलं, तर म्हणाली, "मावशी, साधंच घे गं, पण सेकंद काटा हवा." नाडी बघताना घड्याळाकडे बघत तीस सेकंद ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे, ठोके अनियमित वाटले तर पूर्ण मिनिट मोजायचं. मग तबकडी कशी हवी ते आपोआप ठरलं. पांढरी, साठही मिनिटांच्या रेघा असलेली, सेकंद काटा लाल किंवा काळा ठळक आणि टोक थेट रेघांपर्यंत पोचणारं. सोनेरी तबकडीवर सोनेरी काटा रात्रपाळीत दिसतच नाही. पट्टा साबणाने धुता येईल असा, म्हणजे चामडं बाद. काही इस्पितळांत कोपराच्या खाली हातात काहीही घालू देत नाहीत, तिथे खिशाला अडकवायचं घड्याळ लागतं. म्हणून तिला आधी वॉर्डात विचारून यायला सांगितलं. तिच्याकडे चालत होतं.

कामाच्या नियमांची अशी चौकशी सगळ्यांनीच करावी. फिरत्या मशीनवर काम असेल तर तेवढा वेळ घड्याळ काढूनच ठेवायचं, धातूची चेन तर नक्कीच. परीक्षेसाठी घेत असाल तर नीटला कोणतंच घड्याळ चालत नाही. यूपीएससीला साधं चालतं, स्मार्टवॉच नाही. प्रवेशपत्रावरच्या सूचना वाचल्याशिवाय मुलांसाठी खरेदी करू नका.

मनगटाचं माप घ्यायला दोरा आणि पट्टी पुरते. घेर मोजाच, पण मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदीही मोजा. पट्टा जिथे अडकतो त्या वरच्या आणि खालच्या टोकांमधलं अंतर या रुंदीपेक्षा जास्त असेल, तर घड्याळ बाहेर डोकावतं आणि दरवाजाच्या चौकटीवर, नळावर आपटत राहतं. बारीक मनगटाला मोठं घड्याळ लवकर खराब होतं ते यामुळे.

आता आतलं मशीन. रोजच्या वापराला, कमी पैशांत, क्वार्ट्झच घ्या. सेलवर चालणाऱ्या या घड्याळात क्वार्ट्झ नावाच्या स्फटिकाचा एक बारीक तुकडा सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. आतलं सर्किट हीच मोजणी करतं. 1969 च्या डिसेंबरात जपानच्या सेको कंपनीने असं पहिलं मनगटी घड्याळ विकायला आणलं तेव्हा ती चैनीची वस्तू होती, आज तेच तंत्र सगळ्यात स्वस्त घड्याळांत आहे. साधं क्वार्ट्झ महिन्याला पंधरा ते तीस सेकंद इकडेतिकडे होतं. चावीचं किंवा ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं, घड्याळ दिवसालाच तेवढं पुढेमागे होऊ शकतं, काही वर्षांनी ते उघडून तेलपाणी करावं लागतं आणि ते करणारे हात कमी होत चालले आहेत. मला चावीची घड्याळं मनापासून आवडतात, पण भाचीला मी ते घेऊन देणार नाही.

एचएमटीबद्दल मात्र दोन ओळी लिहायलाच हव्यात, कारण स्वस्त आणि टिकाऊ म्हटलं की आपल्या घरांत अजून तेच नाव निघतं. जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने 1961 मध्ये बंगळूरला हा कारखाना सुरू झाला. 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. घरातली जुनी 'जनता' चालत असेल तर जरूर जपा. पण ऑनलाइन हजार-दीड हजारात 'जुनी पण नव्यासारखी' म्हणून झगझगीत निळ्या-केशरी तबकडीची एचएमटी दिसली, तर ती बहुतेकदा पुन्हा रंगवलेली असते आणि आतले भाग तीन घड्याळांतून गोळा केलेले असतात. अशा घड्याळांना संग्राहक मंडळी 'मुंबई स्पेशल' म्हणतात. रोज बांधायला ती घेऊ नका.

मग काय घ्यावं? आकड्यांचं चालत असेल तर कॅसिओचं एफ-91डब्ल्यू हे 1989 पासून बाजारात असलेलं घड्याळ मला आजही सगळ्यात प्रामाणिक वाटतं. वजन अवघं 21 ग्रॅम, एका सेलवर साधारण सात वर्षं, महिन्याला तीस सेकंदांच्या आतबाहेर, गजर आणि स्टॉपवॉच. आतला दिवा अगदी मिणमिणता आहे आणि पाण्याचा भरवसा जुजबी, हे आधीच कळलेलं बरं. काट्यांचं हवं असेल तर टायटनच्या सोनाटासारखी घड्याळं तालुक्यातालुक्यात दुरुस्त होतात, हा त्यांचा मोठा गुण. मार खाणारं काम असेल आणि थोडे पैसे जास्त घालता येत असतील तर कॅसिओचं जी-शॉक. 1983 मध्ये ते आलं तेव्हा दहा मीटरवरून पडलं तरी चालावं, दहा बार (बार हे दाबाचं माप) पाण्याचा दाब सोसावा आणि सेल दहा वर्षं पुरावा, असं त्यामागचं उद्दिष्ट होतं. सौर सेलची घड्याळंही चांगली, फक्त ती महिनोन्महिने अंधाऱ्या कपाटात ठेवायची नाहीत.

पाण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडे चार महिने प्रश्न त्याचाच असतो. घड्याळाच्या पाठीवर 30 मीटर किंवा 3 बार लिहिलेलं असतं, याचा अर्थ ते घालून तीस मीटर खोल जाता येतं असा नाही. तो स्थिर पाण्याचा दाब आहे आणि तोही नव्या घड्याळाचा. व्यवहारात 3 बार म्हणजे हात धुताना उडणारे थेंब. 5 बार म्हणजे भर पावसात भिजलं तरी चालेल. विहिरीत, नदीत पोहायचं असेल तर 10 बार. आकडा नसेल, नुसतं 'वॉटर रेझिस्ट' असेल तर 3 समजून वागा. कोकणात दुचाकीवर फिरणाऱ्याने 5 च्या खाली जाऊ नये, जमलं तर 10 घ्यावं.

हा आकडा किती नाजूक गोष्टीवर उभा असतो ते मी एका जुलैत पाहिलं. काचेला आतून वाफ धरली होती. घड्याळजीने बोथट सुरीने मागचं झाकण उचकलं आणि मला भिंग दिलं. कडेच्या खाचेत दोऱ्याएवढी काळी रबरी रिंग होती, घामाच्या मळाने चपटी झालेली. त्याने चिमट्याने एक टोक उचललं, तर तिचे दोन तुकडे झाले. "ही गेली की मीटर गेले," तो म्हणाला. खाच पुसून त्याने नवी रिंग बसवली, तिला किंचित सिलिकॉनचं ग्रीस लावलं आणि झाकण दाबायच्या यंत्राखाली धरून बंद केलं. तेव्हापासून सेल बदलताना मी रिंग बघायला सांगतेच. वाफ धरली तर तांदळात पुरून ठेवू नका, त्याच दिवशी उघडून घ्या. वेळ लावायची चावी ओल्या हाताने ओढायची नाही, आणि गरम पाण्याच्या अंघोळीला घड्याळ काढून ठेवायचं. साबण आणि गरम पाणी रिंगेला बाधतात.

काचेचं थोडक्यात सांगते. स्वस्त डिजिटलवर प्लास्टिकची काच असते. तिला चरे पडतात, पण ती सहसा फुटत नाही आणि चरे पॉलिशने बरेच जातात. मिनरल काच चऱ्यांना जास्त टिकते, जोरात आपटली तर फुटते. सफायर, म्हणजे कृत्रिम नीलमण्याची काच, वाळूनेही चरत नाही, पण या किमतीत कुणी 'सफायर' म्हणून विकत असेल तर मला शंका येते. मिनरल पुरे.

झाकणावर स्टेनलेस स्टील बॅक लिहिलेलं असेल तर घामाने अंगाला लागणारी बाजू स्टीलची आहे, पण बाकीचं कवच मुलामा दिलेलं साधं धातू असू शकतं. मुलामा दोन-तीन वर्षांत कोपऱ्यांवर उडतो. खोट्या दागिन्यांनी ज्यांना खाज येते त्यांनी पूर्ण स्टील किंवा प्लास्टिकच घ्यावं.

पट्ट्याची रुंदी विचारायची आणि लिहून ठेवायची. पट्टा ज्या खाचेत बसतो तिची रुंदी 18, 20 किंवा 22 मिलिमीटर असेल आणि पट्टा साध्या स्प्रिंगच्या पिनेवर बसत असेल, तर तुम्हाला जन्मभर पट्टे मिळतील. चामड्याच्या पट्ट्याला आमच्या पावसात आठवड्यात बुरशी येते. नायलॉन धुतला की वाळतो, आणि पिनेच्या खालून एकसंध जाणारा नायलॉनचा पट्टा असेल तर एक पिन तुटली तरी घड्याळ रस्त्यावर पडत नाही. दुचाकीवाल्यांनी तो घ्यावा.

सेलचा नंबरही आधी विचारा. काट्यांच्या बऱ्याच घड्याळांत एसआर626एसडब्ल्यू बसतो, जाडी 2.6 मिलिमीटर. एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड. त्याच मापाचा एलआर626, म्हणजेच एजी4, अल्कलाइन असतो आणि बराच स्वस्त पडतो. तो बसतो, चालतोही, पण लवकर उतरतो आणि पाझरण्याची भीती जास्त. घड्याळजीला स्पष्ट सांगायचं, "एसआरच टाका, पाकीट माझ्यासमोर फोडा." फरक काही रुपयांचा असतो. काही घड्याळांत सेल संपत आला की सेकंद काटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारतो. तसं दिसलं किंवा घड्याळ थांबलं, तर सेल काढूनच ठेवा.

दुकानात गेल्यावर घाई करू नका. घड्याळ कानाशी हलवून बघा, आत काही खुळखुळता कामा नये. चावी ओढून बाराला लावा, दोन्ही काटे एकावर एक यायला हवेत. तारीख बदलून बघा, पण रात्री नऊ ते पहाटे चारच्या दरम्यानची वेळ काट्यांवर असेल तर तारखेला हात लावू नका, त्या वेळात तारखेची चाकं एकमेकांत गुंतलेली असतात. पट्टा बांधून मनगट मागे वाकवा, चावी हाताच्या पाठीत रुतते का बघा. परदेशी घड्याळ असेल तर खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेली हवी. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख तिथेच मारून घ्या. एफ-91डब्ल्यू घेत असाल तर उजवीकडचं बटण तीन सेकंद दाबून धरा, पडद्यावर कॅसिओ अशी अक्षरं उमटतात. न उमटली तर ते परत करा. ऑनलाइन मागवलं असेल तर हे सगळं पाकीट फोडल्या दिवशीच करायचं, परत करायची मुदत निघून जाते.

घरी आणल्यावर फोनवरच्या वेळेला सेकंदापर्यंत लावा आणि तारीख लिहून ठेवा, महिन्याने किती फरक पडला ते बघा. एक मिनिटाच्या वर गेला तर वॉरंटीत दाखवा. दोन जादा पिना घड्याळजीकडून घेऊन ठेवा, दहा-वीस रुपयांचं काम. भाचीच्या घड्याळाच्या डब्यात मी एक चिठ्ठी घालून दिली आहे. त्यावर पट्टा 18, सेल 626 एसआर, बसवल्याची तारीख, आणि खाली 'रिंग मे महिन्यात बघून घेणे' एवढं लिहिलं आहे. मिरजेतला घड्याळजी तिने शोधून ठेवला आहे, इस्पितळाकडून बाजाराकडे जाताना लागतो.