शाळेच्या मैदानावर २०० मीटरचा ट्रॅक आखायचा कसा

काटोल, उमरेड, रामटेककडच्या जिल्हा परिषद हायस्कूलातले पोट्टे पळतात जबरदस्त, पण पुढच्या स्पर्धेत वळण आलं की लेन सुटते नं बाद होतात, कारण शाळेत लेनमध्ये पळायची सवयच लागलेली नसते. म्हणून आधी ट्रॅक आखा, स्पाइक अन् ट्रॅकसूट नंतर बघू.

४०० मीटरला जागा कुठून आणणार? चार लेनचा २०० मीटरचा ट्रॅक ९२ बाय ४० मीटरमध्ये बसतो, भोवती थोडी मोकळी जागा धरा. सामान म्हणजे ५० मीटरचा टेप, खुंट्या, रेघा मारायला फक्की (पांढरी पूड) आणि बायंडिंगची तार. सुतळी नको, ती ताणली की वाढते आणि सगळं माप चुकतं.

मैदानाच्या मधोमध ५२.२५ मीटरची सरळ रेघ मारा, दोन्ही टोकांना खुंटी ठोका. प्रत्येक खुंटीपाशी ६-८-१० मीटरचा त्रिकोण धरून काटकोन काढा, दोन्ही बाजूंना १५ मीटरवर खूण करा, मग खुंटीला तार बांधून १५ मीटरचं अर्धवर्तुळ फिरवा आणि समोरासमोरच्या खुणा सरळ जोडा, झाली आतली रेघ. आता तपासा, आणि हे टाळू नका: रेघेपासून २० सेंटीमीटर बाहेरून टेप फिरवला की एक वळण ४७.७५ भरलं पाहिजे, सरळ भाग ५२.२५, म्हणजे अर्धी फेरी बरोबर १००. पुढच्या लेनच्या रेघा आतल्या रेघेपासून बाहेर, १.२२ मीटरच्या अंतराने.

खरा घोळ स्टॅगरचा, म्हणजे बाहेरच्या लेनची सुरुवात किती पुढे सरकवायची याचा असतो. सगळ्यांना एकाच रेघेवर उभं केलं तर बाहेरच्या पोरीला जास्त पळावं लागतं, हा सरळ अन्याय आहे. फिनिश लाइन सरळ भाग संपून वळण सुरू होतं तिथे ठेवा. २०० मीटरला पहिली लेन तिथूनच सुटेल, दुसरी ७.६७ मीटर पुढून, तिसरी १५.३३, चौथी २३.००. हे माप त्या-त्या लेनच्या आतल्या रेघेपासून २० सेंटीमीटरवर, वळणावरूनच घ्यायचं.

१०० मीटर यात बसत नाही, त्याला कंपाउंडच्या कडेने वेगळी सरळ पट्टी काढा, पुढे थांबायला १५-२० मीटर तरी सोडा, भिंतीवर आदळतात पोरं.

आपल्याकडची काळी माती पावसात पायाला चिकटते, उन्हात भेगाळते, तर निदान पहिल्या दोन लेनवर मुरूम टाकून रोलर फिरवा. फक्की पावसाने जाणारच, पण मधल्या दोन खुंट्यांच्या जागी सिमेंटमध्ये खिळा पक्का करून ठेवला तर परत आखणं पटकन होतं. खिळ्याचं डोकं जमिनीच्या वर येऊ देऊ नका, अर्धी पोरं अनवाणीच पळतात.